मुळशीची वीज आणि भाड्याचा कॉम्प्युटर

"क्लाउड म्हणजे नक्की काय?" हा तुमचा नेहमीचा प्रश्न. आज त्याचं उत्तर द्यायला मी तुम्हाला शंभर वर्षं मागे नेणार आहे, आणि तेही मुळशीत.

मी काही वर्षं हिंजवडीत नोकरी केली. हिंजवडी मुळशी तालुक्यात येतं, हे आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. मुळशी म्हणजे पावसाळ्यात धरणावर जाऊन भजी खायची, एवढीच आमची ओळख. पण आम्ही ज्या धंद्यात होतो, त्याचा जुना अवतार तिथेच पाण्याखाली आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये बॉयलर, वाफेचं इंजिन आणि कोळशाचा ढीग असायचा. सोबत हे सगळं सांभाळणारी माणसं. १९१५ साली टाटांच्या खोपोली केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली. गिरणीमालकाला आता इंजिन पाळायची गरज उरली नाही. लागेल तेवढी वीज घ्या, मीटरप्रमाणे पैसे द्या.

क्लाउड म्हणजे हेच. कंपनीत आधी सर्व्हर विकत आणायचा, त्याला थंडगार खोली द्यायची, यूपीएस लावायचा. दिवाळीच्या गर्दीसाठी घेतलेलं मशीन उरलेलं वर्ष बसून खायचं. आता एका मोठ्या मशीनचे सॉफ्टवेअरने भाग पाडतात, वाड्यात खोल्या पाडून बिऱ्हाडं ठेवावीत तसे. तुमच्या वाट्याला आलेली खोली म्हणजे व्हर्च्युअल मशीन. मिनिटांत मिळते, वापराच्या वेळेप्रमाणे भाडं लागतं, काम झालं की सोडून द्यायची.

ही कल्पना जुनी आहे. कॉम्प्युटर टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा होऊ शकेल, असं जॉन मॅकार्थी १९६१ सालीच म्हणाले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा बाहेरच्या संस्थांचे लोकही आपली गणितं घेऊन तिथे जायचे. २००६ साली अॅमेझॉनने ईसी२ सेवा सुरू केली. छोट्या मशीनचा दर होता तासाला १० सेंट. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटर पुण्यात आली, २०१६ मध्ये अॅमेझॉनची मुंबईत.

मीटरचा धडा मीही घेतलाय. एका शुक्रवारी टेस्टिंगचं मोठं मशीन बंद करायचं विसरून घरी गेलो. कोणी वापरत नसलं तरी मीटर फिरतच होता. सोमवारी बिल बघून घाम फुटला. तेव्हा नवशिक्यांनो, पहिल्याच दिवशी खर्चाचा अलर्ट लावा.

आता मुळशीकडे. गिरण्यांची भूक वाढली, म्हणून मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं ठरलं. पूर्वेला वाहणारं पाणी अडवून बोगद्यातून पश्चिमेला, सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात सोडायचं. त्यासाठी पन्नासच्या आसपास गावांची जमीन जाणार होती. आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे शेतकरी कामाच्या जागेवर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे होते, पांडुरंग महादेव बापट होते. बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. पण बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली, आणि त्यांना मोबदल्यात रस होता. १९२४ पर्यंत लढा विझला. १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली.

मुंबईच्या गिरणीत आता ना धूर होता, ना कोळसा. खटका दाबला की माग सुरू. भातखाचरं कुठे बुडाली, ते त्या खटक्यावर लिहिलेलं नव्हतं.

आपलं बटणही तसंच आहे. मशीन भाड्याने घेताना स्क्रीनवर 'रीजन' विचारतात. आपण दर बघतो, वेग बघतो आणि पुढे जातो. पण रीजन म्हणजे कुठलीतरी खरी जमीन, तिथली वीज, मशीन गार ठेवायला लागणारं पाणी. भाड्याने घेतलं म्हणून इंजिन नाहीसं होत नाही, ते दुसऱ्याच्या दारात जातं. डेटा सेंटरची नवी घोषणा झाली की किती कोटींची, हे आपण लगेच विचारतो. पाणी कुठलं आणि जमीन कोणाची, हेही विचारूया. मुळशीकरांनी ते १९२१ सालीच विचारलं होतं.

भेटू पुढच्या भागात.