सिंहलद्वीपाच्या गंगा

श्रीलंकेचा नकाशा पाहिला की मला बैलगाडीच्या चाकाची आठवण होते. मधला डोंगराळ मुलूख हा त्या चाकाचा तुंबा आणि तिथून चहूंकडे निघालेल्या नद्या म्हणजे आरे. पश्चिमेची केळणी कोलंबोपाशी सागराला मिळते, काळू गंगा रत्नपुरावरून कळुतऱ्याला जाते, वळवे दक्षिणेकडे वळते. आपण गोदेला दक्षिणगंगा म्हणतो; सिंहली माणसाला तर प्रत्येक मोठी नदी गंगाच!

या साऱ्यांत थोरली महावेली. तिची लांबी ३३५ किलोमीटर, आणि बेटाच्या सुमारे एकषष्ठांश भूमीचे पाणी तिला मिळते. टॉलेमीच्या प्राचीन वर्णनातही या बेटावर गंगा आहे, ती हीच असे मानतात. ओल्या डोंगरांत उगम पावून ती कँडीला वळसा घालते आणि कोरड्या पूर्व भागातून त्रिंकोमालीजवळ समुद्राला मिळते.

हा कोरडेपणाच या इतिहासाचे मूळ होय. नैर्ऋत्येचा पाऊस डोंगरांच्या अलीकडेच रिता होतो. उत्तरेच्या मैदानाची भिस्त ऑक्टोबर ते जानेवारी या थोड्या महिन्यांवर. तरीही अनुराधपूर आणि पोलोन्नरुव या राजधान्या नेमक्या याच मैदानात भरभराटल्या. महासेन राजाने तिसऱ्या शतकात मिन्नेरियाचा तलाव बांधला. महावेलीची उपनदी अंबन गंगा हिचे पाणी त्यात कालव्याने आणले. पाचव्या शतकात धातुसेनाने कलावेव तलाव बांधला. तिथून अनुराधपूरला जाणारा जयगंगा कालवा सुमारे ८७ किलोमीटरांचा. आरंभीच्या सतरा मैलांत त्याचा उतार मैलामागे अवघा सहा इंच सांगतात! तलावाच्या मोरीपाशी पाण्याचा जोर आवरणारी चौकोनी विहीर असे. हेन्री पार्कर या इंग्रज इंजिनियराने तिचा अभ्यास करून तिची थोरवी जगापुढे मांडली.

१२१५ साली कलिंगाच्या माघाने स्वारी केली. पुढे राजधान्या नैर्ऋत्येकडे सरकल्या, पुष्कळ बांध फुटले, रान माजले, हिवताप बोकाळला. ज्या मैदानाने धान्य पिकवले ते शतकानुशतके ओसाड राहिले.

आधुनिक काळात पाणी पुन्हा उत्तरेकडे वळले. १९७६ साली पोल्गोल्ल येथून महावेलीचे पाणी बोगद्यातून पलीकडे नेले. १९७७ नंतर मोठ्या धरणांच्या कामाला वेग आला, आणि १९८५ च्या सुमारास १२२ मीटर उंचीचे व्हिक्टोरिया धरण उभे राहिले. वीज आली, शेते भिजली. पण जुने तेल्देनिय गाव पाण्याखाली गेले, आणि कोत्मलेच्या जलाशयात कडदोराचा विहार बुडाला. पाणी उतरले की त्याचे अवशेष अजून वर दिसतात.

धातुसेनाचे नाव इतिहासाने राखले. त्याच्यासाठी माती वाहणाऱ्यांचे राखले नाही. ज्यांच्या अंगणावर आज जलाशय पसरला आहे, त्यांची नावे तरी आपण नोंदवून ठेवावीत, एवढेच मला वाटते. ती अजून आठवणारी माणसे आहेत.