हुकूम ओळखण्याची विद्या : गंजिफा जिंकायच्या कशा?

जपानी पत्त्यांचा 'हानाफुदा' नावाचा खेळ आता आपल्याकडच्या मुलांनाही ठाऊक झाला आहे. तो शिकवला कोणा जपानी माणसाने नव्हे, तर व्हिडिओ गेमने. 48 पाने, बारा महिने, प्रत्येक महिन्याचे एक झाड वा फूल आणि त्याची चार पाने. त्यातला 'कोई-कोई' हा दोघांचा डाव सर्वांत लोकप्रिय. 'कोई-कोई' म्हणजे 'ये, ये'. ठरावीक पानांचा संच जुळला की खेळाडूने तिथेच थांबून गुण पदरात पाडून घ्यायचे, किंवा 'कोई-कोई' म्हणून आणखी गुणांच्या आशेने डाव चालू ठेवायचा. दरम्यान समोरच्याचा संच आधी जुळला, तर आपले गुण बुडतात. म्हणून या खेळाचे जाणते दोन गोष्टी बजावतात. एक म्हणजे नवव्या महिन्याचे मद्याच्या पेल्याचे पान दिसताक्षणी उचला, कारण ते चंद्राच्या पानाशीही जुळते आणि चेरीच्या बहराखालच्या पडद्याशीही. दुसरी म्हणजे हाव आवरा.

हे पत्ते बनवण्यासाठी फुसाजिरो यामाउची यांनी 1889 साली क्योतो शहरात जे दुकान काढले, तेच पुढे 'निन्तेन्दो' झाले. पत्ते विकणारी कंपनी व्हिडिओ गेम विकू लागली आणि आपला जुना खेळही तिने त्या पडद्यावर नेला. परिणाम असा, की हानाफुदाची नुसती पाने नव्हे, तर तो खेळण्याची आणि जिंकण्याची रीतही जगभर पसरली.

आपल्या गंजिफांचे नेमके उलटे झाले. पाने उरली, रीत विरत चालली. या लेखाचा विषय ती रीत हा आहे. गंजिफांच्या चित्रकलेवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते लिहायलाच हवे होते. पण गंजिफा रंगवल्या गेल्या त्या खेळण्यासाठी, हे आपण जवळजवळ विसरलो आहोत.

बाबरापासून सावंतवाडीपर्यंत

गंजिफांचा भारतातला पहिला ठळक उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो. 1527 साली त्याने सिंधमधल्या ठट्ट्याच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्या, कारण त्याला त्यांची आवड होती आणि त्याने त्या मागवल्या होत्या. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त या खेळाचे सविस्तर वर्णन केले आहे. त्यातल्या जुन्या प्रकारात अश्वपती, गजपती, नरपती, गढपती असे बारा रंग आणि प्रत्येकी बारा पाने, म्हणजे 144 पाने होती. पुढे रूढ झाली ती आठ रंगांची, 96 पानांची मोगली गंजिफा. तिचे रंग ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश. बादशहाचे दरबार, खजिना, कोठार, वाद्यवृंद असे सगळे खातेच जणू पानांवर उतरले होते.

दख्खनेत आणि कोकणात या चौकटीत दशावतार येऊन बसले. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की : दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची पाने, एकूण 120. पाने गोल. कागदाचे वा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, घोटायचे, रंगवायचे आणि वर लाखेचा हात द्यायचा. सावंतवाडीचे चितारी हे काम पिढ्यानपिढ्या करत आले. खेम सावंत तिसरे यांच्या काळात तेलंगणातून धर्मचर्चेसाठी आलेल्या शास्त्र्यांनी हा खेळ तिथे आणला, अशी सावंतवाडीतली परंपरा आहे.

पुण्याला हा खेळ परका नव्हता. राजा दिनकर केळकर संग्रहालयात गंजिफा पाहायला मिळतात. इंग्रजी छापील पत्ते आले तशा त्या मागे पडल्या. 52 छापील पाने स्वस्त, हाताने रंगवलेली 120 पाने महाग. नव्या पत्त्यांना आपण इस्पिक, बदाम, चौकट, किलवर अशी नावे दिली (किलवर हा शब्द डच 'क्लाव्हर'शी किती जुळतो ते पाहा) आणि मेंढीकोट, सातआठ, पाच-तीन-दोन असे डाव बसवले. मात्र 'हुकूम' हा शब्द जुन्या दरबारातून नव्या पत्त्यांत राहिला. त्याचा अर्थ तेवढा बदलला.

नियम आणि त्यातला कावा

गंजिफांचे नियम गावागणिक आणि घराघरांत थोडे वेगळे असत. तरी सगळीकडचा गाभा एक आहे. खेळणारे तिघे. दशावतारी पाने प्रत्येकी 40 येतात. वाटणे आणि खेळणे उजवीकडे जाते, म्हणजे आपल्या नेहमीच्या पत्त्यांच्या उलट. जो उतारी करतो त्याच्या रंगातले सर्वांत वरचे पान दस्त जिंकते आणि जिंकणारा पुढची उतारी करतो. दस्त म्हणजे एका फेरीत पडलेली तीन पाने. इतरांनी त्याच रंगाचे पान टाकलेच पाहिजे अशी सक्ती नाही, आणि दुसऱ्या रंगाने कापणेही नाही.

मेंढीकोट खेळलेल्या माणसाला हे विचित्र वाटेल. कापाकापीच नसेल तर हुकूम कसला? गंजिफांत हुकूम हा एखादा रंग नसतो. ज्या पानाच्या वरची सगळी पाने पडून गेली आहेत, जे आता कोणालाच मारता येणार नाही, ते पान हुकूम होते. डावाच्या आरंभी दहा राजे हेच हुकूम. एखाद्या रंगाचा राजा पडला की त्याचा प्रधान हुकूम. प्रधान गेला की त्याखालचे पान. म्हणजे हुकूम डावभर खाली सरकत राहतो आणि तो नेमका कुठे आहे हे ज्याला ठाऊक, तोच जिंकतो.

आता यातली खरी मेख. निम्म्या रंगांत आकड्यांचा क्रम उलटा असतो. मोगली गंजिफांत ताज, सफेद, शमशेर, गुलाम हे 'बिशबर' : राजा, वजीर, मग दहा, नऊ, असे उतरत एक्का सर्वांत खाली. चंग, सुर्ख, बरात, किमाश हे 'कमबर' : राजा, वजीर, मग एक्का, दुर्री, तिर्री आणि दहा सर्वांत खाली. दशावतारी गंजिफांतही पाच रंग एका क्रमाचे, पाच दुसऱ्या. ताजाचा एक्का हातात म्हणजे कचरा, चंगाचा एक्का हातात म्हणजे जहागीर. नवखा खेळाडू पहिल्या आठवड्यात हटकून इथेच मार खातो.

पहिली उतारी कोणाची, याचा नियम तर फारच देखणा आहे. मोगली खेळात दिवसा सुर्खवाला आणि रात्री सफेदवाला, म्हणजे सोने आणि चांदी, सूर्य आणि चंद्र. दशावतारी खेळात दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा तो उतरतो, रात्री ज्याच्याकडे कृष्णाचा. राम सूर्यवंशी, जन्म भर दुपारी. कृष्ण चंद्रवंशी, जन्म मध्यरात्री. खेळ बदलला, देव बदलले, पण सूर्य-चंद्राची पाळी तीच राहिली.

जिंकायचे कसे?

नारायण पेठेत आम्ही तिघे गेली काही वर्षे रविवारी दुपारी सावंतवाडीच्या पानांनी खेळतो. ऐकलेले, वाचलेले आणि खेळून कळलेले असे जे हाती लागले ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट : उतारी हातात आहे तोवर आपले हुकूम वाजवून घ्या. कापाकापी नसल्यामुळे हुकूम स्वतःहून कुठे घुसू शकत नाही. ज्याचा रंग उतरलाच नाही असे पान हातातच राहते. राजे सांभाळून ठेवणारा कंजूष बहुधा ते तसेच घेऊन डाव संपवतो.

दुसरी : हातात प्रधान आहे, राजा नाही, तर त्या रंगाचे हलके पान टाकून राजा बाहेर काढायचा प्रयत्न करा. एक दस्त जातो, पण प्रधान हुकूम होतो. मात्र उतारी पुन्हा आपल्याकडे येण्याची वाट दुसऱ्या एखाद्या रंगात उघडी असेल तरच हे करावे. नाहीतर प्रधान हुकूम होऊनही मुका राहतो.

तिसरी : दुसऱ्याच्या हुकमावर पान टाकताना ते विचार करून टाका. रंग देण्याची सक्ती नाही, म्हणून कचरा कोणत्याही रंगातला चालतो. पण तुम्ही काय टाकता यावरून तुमच्याकडे काय नाही हे समोरचा ताडतो. एकाच रंगाची हलकी पाने ओळीने टाकलीत तर त्या रंगातली जड पाने तुमच्याकडे आहेत, असा वास त्याला येतो.

चौथी : बेरीज लक्षात ठेवा. एकेक पान पडत गेले तर डावात 40 दस्त आणि खेळाडू तीन. तेराच्या वर गेलात की तुम्ही पुढे. म्हणून शेवटच्या फेऱ्यांत एकेका दस्तासाठी जो निकराने लढतो तो फायद्यात राहतो.

पाचवी, आणि बाकी चारही जिच्यावर उभ्या आहेत ती : सगळी पाने लक्षात ठेवू नका. 120 पाने कोणाच्या ध्यानात राहणार? फक्त दहा गोष्टी ध्यानात ठेवा, दर रंगात हुकूम सध्या कुठवर उतरला आहे ते. दहा खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर एक पान.

इथे मला दशावताराचे महत्त्व कळते. हा माझा तर्क आहे, पण खेळताना तो रोज पटतो. बरात आणि किमाश यांचा क्रम कोणाला जन्मापासून पाठ नसतो. मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम मात्र आपल्याकडे पोराटोरांनाही पाठ असतो. त्या क्रमाने मनातल्या मनात एक फेरी मारली की दहाही खुंट्या तपासून होतात. कोकणात, जिथे दशावताराची नाटके जत्रांत रात्रभर चालतात, तिथे हा खेळ टिकला याचे कारण नुसती भक्ती नसावी. देव लक्षात राहायला सोपे होते.

कोई-कोईत कसोटी लागते ती हाव आवरण्याची, गंजिफांत स्मरणाची. कुठे थांबायचे हा प्रश्न इथे येतच नाही. शेवटचे पान पडेपर्यंत खेळावेच लागते.

हितोयोशीची साक्ष

जपानचा उल्लेख मी केवळ नवलाईसाठी केलेला नाही. जपानी भाषेत पत्त्यांना 'कारुता' म्हणतात आणि तो शब्द पोर्तुगीज 'कार्ता'वरून आला. पोर्तुगीज 1510 साली गोव्यात आले, 1543 साली जपानच्या किनाऱ्याला लागले. गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी हा त्यांचा जहाजमार्ग सावंतवाडीच्या शेजारून निघत होता. त्यांच्या पत्त्यांवरून जपान्यांनी 'उन्सुन कारुता' बनवला : पाच रंग, 75 पाने. क्यूशू बेटावरच्या हितोयोशी या गावी तो आजही खेळला जातो. त्यातही तलवारी आणि दंड या रंगांत नऊ वरचे, तर पेले, नाणी आणि तोमोए या गोल चिन्हांच्या रंगांत एक्का वरचा! युरोपातल्या 'ओम्ब्रे' या जुन्या खेळातही निम्म्या रंगांत असाच उलटा क्रम होता.

हा योगायोग मानणे कठीण आहे. पत्त्यांच्या इतिहासकारांनी या उलट्या क्रमाकडे समान पूर्वजाची खूण म्हणून पाहिले आहे. आणि ही खूण चित्रांत दिसत नाही. गंजिफेचे पान भिंगाखाली धरा, तोमोएचे पान धरा, नाते कळणार नाही. ते कळते फक्त नियमांत. हितोयोशीच्या लोकांनी खेळणे सोडले असते, तर इतिहासाचा हा धागा तिथेच तुटला असता.

पाने वाचली, आता डाव

सावंतवाडीत चितारी कला संपायला आली होती तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिरांकडून ती नव्या हातांत उतरवून घेतली आणि राजवाड्यात 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' उभे केले. मुंबईत राहिलेल्या रुडॉल्फ फॉन लायडन यांनी आयुष्यभर गंजिफा जमवल्या आणि 1982 साली त्यांचे 'गंजिफा' हे इंग्रजी पुस्तक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या प्रदर्शनाच्या निमित्ताने आले. अलीकडे सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळाले. या सर्वांचे ऋण मोठे आहे. या खेळाचे नियम संस्कृत पद्यात सांगणारे गिरिधराचे 'गंजीफाखेलनम्' निर्णयसागरच्या 'काव्यमाला'त छापले गेले, तेही मोलाचेच.

पण आज संच विकत घेणारे बहुतेक जण तो भेट देतात किंवा चौकटीत लावतात. भिंतीवरच्या गंजिफेचा हुकूम कधी खाली सरकत नाही. घरगुती नियम, पाने टाकतानाचे बोल, डाव संपल्यावरचा हिशेब हे कोणत्याही मानांकनात बसत नाही. ते आज ऐंशी-नव्वदीत असलेल्या मोजक्या माणसांच्या डोक्यात आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या वाड्यात, गावच्या घरात, माळ्यावरच्या डब्यात गोल पाने असतील तर ती जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला देण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला चार प्रश्न विचारा. कोणत्या पाच रंगांत एक्का वरचा? पहिली उतारी कोणाची, आणि ऐन तिन्हीसांजेला कोणाची? पडलेली पाने पालथी ठेवत की उघडी? हरलेल्याने काय द्यायचे? उत्तरे वहीत उतरवा, खाली गावाचे नाव आणि तारीख घाला. मग आणखी दोघांना बोलवा आणि वाटा पाने.