हळद आणि पेशींची वाढ

गंजाडच्या पाड्यावर काय किंवा दादरच्या चाळीत काय, खरचटले की प्रथम हात जातो तो हळदीच्या डब्याकडे. जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे सादर केले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. हळद पेशींवर नेमके काय करते, हा प्रश्न मात्र त्या निकालाने सुटला नाही.

शरीरातील बहुतेक पेशींना विभाजनासाठी बाहेरून संदेश लागतो. हे काम वृद्धिघटक नावाची प्रथिने करतात. ‘एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर’ हा त्यांपैकी एक. त्याच्या शोधाबद्दल स्टॅन्ले कोहेन यांना १९८६ साली रिटा लेव्ही-मोंटाल्चिनी यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. हा घटक पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला चिकटतो, ग्राहीचा आतील भाग जागृत होतो आणि संदेश टप्प्याटप्प्याने केंद्रकापर्यंत जातो. जखम भरण्यास हा संदेश आवश्यक असतो. तो थांबेनासा झाला, तर मात्र कर्करोगास वाव मिळतो.

हळदीत साधारण २ ते ५ टक्के कुर्क्युमिन असते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्कपेशींत ते या ग्राहीची क्रिया मंदावते. उलट उंदरांच्या जखमांत कुर्क्युमिनमुळे दुसऱ्या एका वृद्धिघटकाचे प्रमाण वाढून जखम लवकर भरल्याचे आढळले. म्हणजेच परिणाम पेशीच्या स्थितीनुसार बदलतो.

अडचण पुढेच आहे. पोटात घेतलेले कुर्क्युमिन फारसे शोषले जात नाही. जे शोषले जाते त्याचे आतडे व यकृत लगेच रूपांतर करतात. दिवसाला ८ ग्रॅम देऊनही रक्तात ते अत्यल्पच सापडले. १९९४ पासून या ग्राहीसंबंधी प्रयोग होत असूनही, काटेकोर वैद्यकीय चाचण्यांत कुर्क्युमिन निर्विवाद यशस्वी ठरले नसल्याचा निष्कर्ष २०१७ मधील एका विस्तृत आढाव्याने काढला. याउलट याच ग्राहीसाठी घडवलेल्या जेफिटिनिब या औषधाला अमेरिकेत २००३ साली मान्यता मिळाली. विशिष्ट जनुकीय बदल असलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगात ते उपयुक्त ठरते.

स्वयंपाकातील हळद निर्धोक आहे. तीव्र मात्रेच्या गोळ्यांनी मात्र काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कर्करोगाच्या रुग्णांनी अशा गोळ्या डॉक्टरांना सांगितल्याविना घेऊ नयेत आणि हळदीच्या भरवशावर चालू उपचार थांबवू नयेत.