समुद्रातला उजेड आणि फ्रँकलिनची बाटली

मंडळी, आमच्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही. बिंदुसरेचं पाणी सिंदफणेत, सिंदफणेचं गोदावरीत आणि तिथून लांब बंगालच्या उपसागरात. त्यामुळे ऑफिसातल्या पोरांनी कोकणात रात्रीच्या कयाकिंगचा बेत काढला आणि 'वल्हं मारलं की पाणी निळं चमकतं' म्हणाले, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता: मग आमच्या माजलगावच्या धरणात का नाही चमकत?

उत्तर सोपं आहे. हा उजेड बहुतेक वेळा नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जिवाचा असतो आणि तो राहतो खाऱ्या पाण्यात. गोड्या पाण्यात स्वतः चमकणारे जीव अगदी विरळा; न्यूझीलंडच्या ओढ्यांतली लॅटिया ही गोगलगाय त्यातली एक. पण माणसाला हे उत्तर सापडलं कसं, ती गोष्ट जास्त भारी आहे.

अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन विजेवर प्रयोग करत होता. साहजिकच त्याला सगळीकडे वीजच दिसायची! मीठ आणि पाणी एकमेकांवर घासतात, त्यातून वीज निघते आणि समुद्र चमकतो, असं त्याचं म्हणणं. आकाशातली वीजही समुद्रातूनच येत असावी, इथपर्यंत त्याची गाडी गेली होती. मग त्याने समुद्राचं पाणी बाटलीत भरून हलवलं. सुरुवातीला चमकलं, पण काही तासांनी चमक गेली. साध्या पाण्यात मीठ घालून हलवलं, तर काहीच नाही. १७५३ साली त्याने आपल्या सिद्धांताबद्दल शंका असल्याचं पत्रात लिहून टाकलं. त्याच वर्षी जेम्स बोडोइन या त्याच्या मित्राने सुचवलं की हे बारीक जीव असतील. फ्रँकलिनने तेही शक्य आहे, असं मान्य केलं. जगभर नाव झालेला माणूस आपलीच थिअरी स्वतः टेस्ट करतो आणि फेल झाली म्हणून सांगतो. आपल्या कोड रिव्ह्यूमध्ये असं किती वेळा घडतं, बोला!

पुढे १८८० च्या दशकात राफाएल द्युबॉ या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवलं की उजेडासाठी दोन पदार्थ लागतात: ल्युसिफेरिन आणि ल्युसिफेरेज. काजव्यातही हीच जोडी असते, फक्त त्याचं ल्युसिफेरिन वेगळं. वल्ह्याने पाणी ढवळलं की पेशीवर ताण येतो, ही रासायनिक क्रिया सुरू होते आणि सेकंदाच्या अंशभर निळा प्रकाश पडतो. म्हणून अमावस्येच्या आसपास जावं, आणि मोबाईल खिशात ठेवावा.

आता जरा गंभीर. नोव्हेंबर २०२० मध्ये जुहू आणि देवगडला निळ्या लाटा दिसल्या, तेव्हा सगळ्यांनी धडाधड फोटो टाकले. पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचेही शास्त्रज्ञ होते, उत्तर अरबी समुद्रातल्या नॉक्टिल्युकाच्या हिवाळी बहराचा संबंध पाण्यातल्या कमी ऑक्सिजनशी जोडला आहे. आधी त्या जागी डायटम असायचे आणि त्यांच्यावर माशांची अन्नसाखळी चालायची. नॉक्टिल्युका खाणारे फार थोडे, जेलीफिशसारखे. ऑक्सिजनच्या मुद्द्यावर शास्त्रज्ञांत वादही आहेत. पण आपला वीकेंड झगमगतो तेव्हा कुणाचं तरी जाळं रिकामं येत असेल, तर ते माहीत असायला हवं.

जरूर जा, बघा. फक्त 'वॉव' म्हणून झाल्यावर फ्रँकलिनसारखं एकदा 'का?' असंही विचारा. एवढंच.