शिवोलीची गिटार

परके वाद्य घरात आले की पहिली पिढी नाक मुरडते, दुसरी पिढी ते शिकते, आणि तिसऱ्या पिढीला ते कधीकाळी परके होते हेच ठाऊक नसते. आपल्या पेटीचेच पाहा. हार्मोनियम जन्माने फ्रान्सची. एकोणिसाव्या शतकात ती आपल्याकडे आली. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हे वाद्य भारतीय संगीताला मारक ठरवून त्याला बंदी घातली. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. तोपर्यंत आपले भजन पेटीवाचून उभे राहत नव्हते आणि गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताने रंगभूमीवर तिला मानाचे पान मिळवून दिले होते. व्हायोलिनची कथा अशीच आहे आणि वरातीतल्या क्लॅरिनेटचीही.

आज तोच प्रश्न गिटारच्या निमित्ताने उभा आहे. बुऱ्हाणपुरासारख्या दुभाषी मुलखात तर तो अधिकच टोचतो. घरात मराठी, शाळेत आणि बाजारात हिंदी, नोकरीसाठी इंग्रजी, अशी आपल्या मुलांची त्रिस्थळी यात्रा चाललेली असते. त्यात नातवाने गिटार खांद्याला अडकवली की आजोबांना वाटते, आपल्याशी बांधणारा आणखी एक दोर तुटला. ही भीती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. पण तिचा निवाडा नुसत्या भावनेने होणार नाही. त्यासाठी ज्या प्रदेशाने हा अनुभव आपल्या आधी आणि आपल्यापेक्षा जास्त घेतला, त्याच्याकडे पाहायला हवे. तो प्रदेश म्हणजे गोवा, आणि तो माणूस म्हणजे शिवोली गावचा गिटारवादक, गायक, गीतकार रेमो फर्नांडिस.

गोव्याचा आणि आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपले निमाड मध्य प्रदेशात राहिले. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला आणि गोव्याने महाराष्ट्रात विलीन न होण्याचा निर्णय घेतला. कारणे वेगळी, भावना वेगळ्या. परंतु दोन्हीकडे मराठी आहे, आणि दोन्हीकडे ती एकटी नाही. एकाहून अधिक भाषांच्या अंगणात वाढणाऱ्या मुलाने नेमके कोणाचे गाणे गावे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

गिटार मुळात कोणाची, हे सांगणे कठीण. तिच्या नावाचा प्रवास ग्रीक ‘किथारा’वरून अरबी ‘कितारा’कडे आणि तेथून स्पेनकडे झाला असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. पुढे ती अमेरिकेत गेली, तेथील कृष्णवर्णीय मजुरांच्या दुःखाची सोबतीण झाली, विसाव्या शतकात तिला वीज जोडली गेली, आणि १९५०च्या दशकात ‘रॉक अँड रोल’ नावाचे नवे संगीत तिच्या तारांवर स्वार होऊन जगभर पसरले. म्हणजे हे वाद्य ज्याच्या हाती गेले त्याचे झाले. आपल्याकडेही ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग वाजवले, आणि विश्वमोहन भट्ट यांना १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला तो याच वाद्याच्या भारतीय रूपासाठी.

गोव्यात पाश्चात्त्य संगीत रॉकच्या कितीतरी आधी पोहोचले होते. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना धर्मशिक्षणाबरोबर व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवली जाई. सत्ता परकी होती आणि तिने केलेले अन्यायही इतिहासात नोंदलेले आहेत. पण शिकलेले सूर गोमंतकीयांनी तसेच ठेवले नाहीत. त्यांतून एकोणिसाव्या शतकात ‘मांडो’ हा कोंकणी गीतप्रकार बहरला. त्यात व्हायोलिनच्या जोडीला मातीचे, कातड्याने मढवलेले घुमट वाजते. तेच घुमट हिंदू घरांत आरतीलाही वाजते. २०१९ मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला.

याच शिक्षणाच्या बळावर शेकडो गोमंतकीय वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांनी हिंदी गाण्यांना वाद्यवृंदाचा साज चढवला. पण पडद्यावर नाव संगीतकाराचेच. प्यारेलाल यांनी आपले गुरू अँथनी गोन्साल्विस यांचे नाव १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यातून घरोघर पोहोचवले. तरी ते खऱ्याखुऱ्या माणसाचे नाव आहे, हे किती श्रोत्यांना ठाऊक होते? दुसऱ्याच्या गाण्याला आपले सूर पुरवायचे आणि आपण अंधारात राहायचे, अशी गोव्याच्या कितीतरी गुणी माणसांची रीत होऊन बसली होती. रेमोचे मोल समजायचे तर ही पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते.

रेमो फर्नांडिस यांचा जन्म ८ मे १९५३ रोजी झाला. बार्देश तालुक्यातील शिवोली हे त्यांचे गाव. हिंदू आणि ख्रिस्ती मिळून जागर घालणारे गाव म्हणून ते गोव्यात प्रसिद्ध आहे. लहानपणी लंडनहून आलेल्या एका भावंडाबरोबर रॉक अँड रोलच्या तबकड्या घरी आल्या आणि या मुलाला नवे वेड लागले. शाळेत असतानाच त्यांनी मित्रांबरोबर वाद्यवृंद काढला. पुढे मुंबईच्या सर जे. जे. महाविद्यालयातून त्यांनी वास्तुशास्त्राची पदवी घेतली. नंतर काही वर्षे युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकंती केली. तेथील वादकांबरोबर वाजवले.

परदेशात पाय रोवण्याची संधी असलेला हा तरुण परत शिवोलीला आला. स्वतःची गाणी लिहू लागला. मुंबईच्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी ती घेतली नाहीत. त्यांचेही त्यांच्या परीने बरोबर असेल. गोव्याविषयीची इंग्रजी गाणी विकत कोण घेणार? तेव्हा रेमो यांनी घरीच चार ट्रॅकच्या लहानशा यंत्रावर ध्वनिमुद्रण केले. शब्द त्यांचे, चाल त्यांची, आवाज त्यांचा, गिटार, बासरी आणि इतर वाद्येही त्यांचीच. वेष्टनावरील चित्रसुद्धा त्यांनीच केले. १९८४ मध्ये ‘गोअन क्रेझी’ ही कॅसेट तयार झाली. ती विकायला कोणी वितरक नव्हता, म्हणून ते आपल्या पिवळ्या स्कूटरवरून गावोगावच्या दुकानांत ती स्वतः पोहोचवीत. आज रॉक संगीताच्या इतिहासात मोठमोठ्या मैफलींचे आकडे सांगितले जातात. पण माझ्या मते भारतापुरता त्या इतिहासातील महत्त्वाचा प्रवास त्या स्कूटरचा आहे. छोट्या गावातला कलावंत महानगराच्या शिक्क्यावाचून उभा राहू शकतो, हे तिने दाखवले.

त्या कॅसेटमधील विषय पाहा: गोव्याची माणसे, त्यांचा आळस आणि आनंद, धड न चालणारे टेलिफोन. त्या काळी आपल्या देशातील बहुतेक रॉक वाद्यवृंद विलायती गाण्यांची हुबेहूब नक्कल करण्यात धन्यता मानत. रेमो यांनी वाद्य विलायती घेतले; डोळे मात्र गावाचे ठेवले. लगेच १९८५ मध्ये त्यांनी गोव्याच्या जुन्या पारंपरिक गीतांची ‘ओल्ड गोअन गोल्ड’ ही कॅसेट काढली. पुढे पळण्याआधी मागे वळून आजीच्या गाण्याला नमस्कार करणे, हा विवेक त्यांच्यापाशी होता. त्याच वर्षी श्याम बेनेगल यांच्या ‘त्रिकाल’ या चित्रपटात पोर्तुगीज राजवटीच्या अखेरचा गोवा दाखवला गेला. त्याच्या संगीतात रेमो यांचा वाटा होता.

१९८६ ची ‘पॅक दॅट स्मॅक’ ही तर अमली पदार्थांच्या विरोधातली हाक होती. हिप्पींच्या पायरवाबरोबर गोव्याच्या किनाऱ्यावर हे विष आले होते आणि रॉक संगीताचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले होते. त्याच संगीतातून एका रॉक कलावंताने मुलांना ‘हे टाकून द्या’ असे सांगावे, याला धैर्य लागते. सत्तेपुढेही त्यांनी गिटार खाली ठेवली नाही. पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले असता सरकारी समारंभात त्यांनी थेट पंतप्रधानांना उद्देशून गोव्याचे गाऱ्हाणे गायले. त्यावर टीका झाली, मानभंगाची भाषा झाली. पण खुद्द पंतप्रधानांनी गाणे आवडल्याचे पत्राने कळवले. आपल्याकडे भारूड आणि पोवाडा यांनी जे काम केले, तेच येथे गिटारने केले असे म्हणता येईल.

पुढे ‘जलवा’ (१९८७), ‘बॉम्बे’ (१९९५) या चित्रपटांतील गाण्यांनी रेमो यांचा आवाज देशभर गेला. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०२१ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

आता एक आक्षेप. रेमो यांची बरीचशी गाणी इंग्रजीत आहेत. मातृभाषेची सेवा म्हणायची तर क्रिस पेरी, लॉर्ना, आल्फ्रेड रोझ यांनी कोंकणी गीत घराघरांत नेले; जनमत कौलाच्या दिवसांत उल्हास बुयांव यांच्या कोंकणी गाण्यांनी सभा भारल्या. इंग्रजीमुळे रेमो यांना जी प्रसिद्धी मिळाली ती या मंडळींना मिळाली नाही. हा आक्षेप खरा आहे आणि तो पचवूनच रेमो यांचा गौरव करावा. परकी भाषा कीर्ती देते, पण घरची भाषा टिकवण्याचे काम घरच्या भाषेलाच करावे लागते. मात्र हेही खरे की रेमो यांची इंग्रजी लंडनची नाही. तिला शिवोलीच्या मातीचा वास आहे, आणि त्यांनी कोंकणी, पोर्तुगीज, हिंदीतही गायले आहे. एकाहून अधिक भाषा येणे ही त्यांची अडचण झाली नाही. ते त्यांचे भांडवल झाले.

हे ऐकून बुऱ्हाणपूरकराला नवल वाटायचे कारण नाही. आपल्या जामा मशिदीत फारुकी सुलतानाने अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेखही कोरवला आहे. या गावात वर्षानुवर्षे राहिलेल्या अब्दुर्रहीम खानखानाने ‘मदनाष्टक’ रचले ते संस्कृत आणि खडी बोली यांचे मिश्रण करून. ताप्तीच्या काठी दोन भाषा एका ओळीत नांदल्या त्याला चार शतके होऊन गेली. त्यातून ना संस्कृत बुडाली, ना हिंदी.

तेव्हा गिटारवादकाचा वारसा म्हणजे केस वाढवणे नव्हे किंवा कर्णकर्कश आवाजही नव्हे. रेमो फर्नांडिस यांचा वारसा मला तीन गोष्टींत दिसतो. वाद्य कोठलेही असो, विषय आपल्या गावचा असावा. महानगराने दार उघडले नाही तर आपली पायवाट आपण काढावी. आणि जुने गाणे आधी शिकावे, मग नवे करावे. आज ध्वनिमुद्रणाला चार ट्रॅकचे यंत्रही लागत नाही. मुलाच्या खिशातला मोबाइल ते काम करतो, आणि स्कूटरचे काम इंटरनेट करते. उणीव आहे ती गाण्यात घालायच्या ऐवजाची, आणि तो ऐवज वडीलधाऱ्यांपाशी आहे.

आजोबांना म्हणूनच एवढी विनंती करावीशी वाटते. नातवाच्या खांद्यावरची गिटार काढून घेऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याला जात्यावरची एक ओवी, काकड्याचा एक अभंग, आपल्या भागातले एखादे निमाडी गीत म्हणून दाखवा. त्याची चाल तारांवर बसवायला सांगा. पहिल्यांदा बेसूर होईल. पेटीवरचा पहिला अभंगही काही फार सुरात झाला नसेल.