कुटुंबोपचार

एकट्या रुग्णाऐवजी त्याच्या घरातील नातेसंबंधांवर काम करणारी मानसोपचारपद्धती. अन्न नाकारणाऱ्या मुलीवर उपचार करताना साल्व्हादोर मिनुचिन (१९२१–२०१७) सगळ्या कुटुंबाला सत्रातच जेवायला बसवत. कोण दटावतो, कोण मध्ये पडतो, कोण गप्प राहतो, हे ताटासमोरच कळे. फिलाडेल्फियाच्या बालमार्गदर्शन केंद्रातील त्यांच्या कामातून ‘संरचनात्मक’ शाखा रुजली; तिचा पायाभूत ग्रंथ १९७४चा.

त्याआधी, १९५४पासून, मरे बोवेन यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत छिन्नमनस्कतेच्या रुग्णांबरोबर आधी आयांना, मग पूर्ण कुटुंबांना वॉर्डात ठेवले.

भारतातला प्रयोग त्याच दशकातला, आणि पाठ्यपुस्तकांत उगाचच मागे पडलेला. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णांजवळ राहू दिले. आजार समजावून घेतलेले घरचे लोक रुग्णाला परत न्यायला कचरेनासे झाले. वेल्लोर व बंगळूरच्या संस्थांनीही पुढे कुटुंबाला उपचारात सामावून घेतले.

दांपत्योपचारात १९८०च्या दशकात स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी भावनाकेंद्री पद्धत मांडली : भांडणाच्या विषयापेक्षा त्यामागची दुरावण्याची भीती ती हाताळते. मात्र घरात मारहाण, धाकदपटशा असेल, तर जोडप्याची एकत्र सत्रे सहसा टाळतात. तिथे मोकळे बोलणेच एकाला महागात पडू शकते.