नीला-अंतर्क्लथन, पायातील : प्रतिमाचित्रणाचा इतिहास

पायाच्या स्नायूंमधून जाणाऱ्या खोल नीलांत (रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्यांत) रक्ताची गुठळी होण्याच्या विकृतीस ‘खोल नीला-अंतर्क्लथन’ म्हणतात. गुठळीचा तुकडा सुटून हृदयाच्या उजव्या भागातून फुप्फुस रोहिणीत जाऊन अडकल्यास ‘फुप्फुस अंतर्कीलन’ होते. तुकडा मोठा असल्यास काही मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो. या दोन विकृतींमधील संबंध रूडोल्फ फिरखो (१८२१–१९०२) या जर्मन विकृतिवैज्ञानिकांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिला.

निदानातील अडचण : पायाची सूज, वेदना व उष्णता ही या विकृतीची नेहमीची लक्षणे होत. पाऊल वर वाकविले असता पोटरीत होणारी वेदना हे लक्षण जॉन होमन्झ (१८७७–१९५४) या अमेरिकन शल्यचिकित्सकांच्या नावाने ओळखले जाते. परंतु अशी वेदना स्नायूला इजा झाल्यासही होते, तर गुठळी असूनही पुष्कळ रुग्णांत ती आढळत नाही. निदान कोणत्याही बाजूने चुकले तरी रुग्णाला धोका असतो. असलेली गुठळी लक्षात न आल्यास अंतर्कीलनाची भीती असते. नसलेली गुठळी आहे असे मानून क्लथनरोधी औषधे दिल्यास रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे नीलेचा अंतर्भाग प्रत्यक्ष पाहण्याची गरज निर्माण झाली.

नीलाचित्रण : व्हिल्हेल्म राँटगेन (१८४५–१९२३) यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. रक्त व स्नायू यांमधून हे किरण जवळजवळ सारख्याच प्रमाणात पार होत असल्याने रक्तवाहिनी दिसण्यासाठी तीत किरणरोधी द्रव्य सोडावे लागते. बेर्बेरिख व हिर्श या जर्मन वैद्यांनी १९२३ मध्ये जिवंत माणसांत याकरिता स्ट्राँशियम ब्रोमाइड वापरले. लिस्बन येथील झ्वाउं सिद दुश सांतुश (१९०७–७५) यांनी १९३८ मध्ये पायाच्या नीलांच्या थेट चित्रणाची पद्धती वर्णन केली. स्वीडनमधील गुनार बाउअर यांनी १९४० मध्ये अशा चित्रांवरून गुठळी बहुधा पोटरीत सुरू होऊन वर मांडीकडे वाढते, असे दाखविले आणि लवकर निदान करून हेपारीन देण्याचा पुरस्कार केला. पायावर भार न देता पोटरीचे स्नायू शिथिल ठेवून नीला भरण्याचे सुधारित तंत्र राबिनॉव्ह व पाउलीन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केले.

नीलाचित्रण दीर्घकाळ निदानाचा मानदंड मानले गेले. परंतु ते वेदनादायक होते. सुजलेल्या पावलातील नीला सापडणे कठीण जाई, काहींना द्रव्याची अधिहृषता (ॲलर्जी) असे आणि क्वचित त्या द्रव्यामुळेच नीलेत गुठळी होई. त्यामुळे ही परीक्षा वारंवार करणे शक्य नव्हते.

किरणोत्सर्गी मापन : वाढणाऱ्या गुठळीत फायब्रिनोजेन हे रक्तातील प्रथिन शोषले जाते. ते किरणोत्सर्गी आयोडिनाने अंकित करून शरीरात सोडल्यास पायावर गणित्र ठेवून गुठळीचा माग काढता येतो. लंडन येथील भारतीय वंशाचे शल्यचिकित्सक विजय कक्कर व त्यांचे सहकारी यांनी १९६९ मध्ये या पद्धतीने १३२ रुग्णांची तपासणी केली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर सु. ३० टक्के रुग्णांत गुठळ्या आढळल्या. गुठळ्या किती वारंवार होतात हे कळल्याने प्रतिबंधाच्या प्रयोगांना चालना मिळाली. ४,१२१ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत प्राणघातक अंतर्कीलनाने हेपारीन न दिलेल्या गटात १६, तर अल्प मात्रेत ते दिलेल्या गटात २ मृत्यू झाले. तथापि मांडीच्या वरच्या भागात हे मापन विश्वसनीय नव्हते. शिवाय हे प्रथिन मानवी रक्तापासून मिळवावे लागत असल्याने विषाणुसंक्रमणाचा धोका होता. त्यामुळे पुढे ही पद्धती मागे पडली.

श्राव्यातीत ध्वनी : जपानमधील सातोमुरा यांनी १९५० नंतरच्या दशकात डॉप्लर परिणामाने रक्तप्रवाह ओळखण्याची रीत दाखविली. १९६० नंतरच्या दशकात तिचा उपयोग नीलांसाठी होऊ लागला. प्रवाहाच्या आवाजावरून केलेले हे निदान बरेचसे परीक्षकाच्या कानावर अवलंबून असे. १९८० नंतरच्या दशकात नीलेची हलती प्रतिमा पडद्यावर पाहणे शक्य झाले आणि एक सोपी कसोटी हाती आली. निरोगी नीलेची भित्ती पातळ असल्याने शोधनीच्या हलक्या दाबाने ती पूर्णपणे मिटते. आत गुठळी असल्यास मिटत नाही. लेन्सिंग व त्यांचे सहकारी यांनी १९८९ मध्ये २२० रुग्णांत या कसोटीची नीलाचित्रणाशी तुलना केली. गुडघ्यामागील व मांडीच्या नीलांत गुठळी असलेले सर्व ६६ रुग्ण तिने ओळखले. मात्र केवळ पोटरीत गुठळी असलेल्या ११ पैकी ४ रुग्णच ओळखता आले.

पोटरीविषयीची ही उणीव भरून काढण्यासाठी संशयित रुग्णाची परीक्षा सु. एक आठवड्याने पुन्हा करण्याची प्रथा पडली. कारण धोका मुख्यतः वर सरकणाऱ्या गुठळीचा असतो. लक्षणांचे गुणांकन व रक्तातील डी-डायमर या घटकाचे मापन यांची जोड मिळाल्याने अनेक रुग्णांत प्रतिमेची गरजच उरत नाही. श्रोणीतील नीलांसाठी संगणकीय छेदचित्रण व चुंबकीय अनुस्पंदन या पद्धती उपयोगी पडतात. नीलाचित्रण आता प्रामुख्याने नीलेतील अडथळा दूर करण्याच्या उपचाराच्या वेळी केले जाते. नेहमीच्या निदानात सुई, द्रव्य वा क्ष-किरण न लागणारी व रुग्णशय्येजवळ पुनःपुन्हा करता येणारी दाबाची कसोटीच प्रथम वापरली जाते.